अमेरिकेची प्रीक्लिअरन्स सर्विस: बंद पडली तरी रिव्ह्यू देऊनच टाकतो

प्रभाग रचनेचा सिझन आला की नागपुरात पानठेल्यावर नकाशे उघडतात. कोणीतरी ग्रुपवर पीडीएफ टाकतो अन् मग दोन बोटांनी झूम करकरून सगळे पाहतात की आपली गल्ली नाल्याच्या इकडं पडली की तिकडं, खाली बारीक अक्षरात 'तेथून दक्षिणेकडे रस्त्याच्या मध्यरेषेने' असं काहीतरी, ते वाचताना डोळे जातात पण वाचावं तर लागतेच. २०१२ ला आपल्याकडे दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ ला चारचे झाले, १५१ नगरसेवक अन् ३८ प्रभाग. हरकत घ्यायची मुदत असते, सुनावणी पण असते, पण बदल वाईट आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कोणाची? आपली. याच्यावरच डोकं फिरलं अन् मी अमेरिकेतल्या त्या सर्विसबद्दल वाचत सुटलो. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगतो.

सर्विस अशी. १९६५ चा व्होटिंग राइट्स ॲक्ट, कलम ५. ज्या राज्यांत, काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) काळ्या लोकांना मतदानापासून दूर ठेवायचा जुना धंदा होता, तिथं मतदानाचा कुठलाही नियम बदलायचा म्हटलं तर आधी वॉशिंग्टनची, म्हणजे केंद्राची मंजुरी, हेच प्रीक्लिअरन्स. कुठलाही म्हणजे कुठलाही, वॉर्डाची लाईन सरकवा, मतदान केंद्र एका शाळेतून दुसऱ्या शाळेत न्या, शहराची हद्द वाढवा, आधी कागद पाठवा. एकतर ॲटर्नी जनरलकडे (केंद्राच्या न्याय खात्याचा प्रमुख), नाहीतर वॉशिंग्टनच्या कोर्टात तीन जजसमोर. ॲटर्नी जनरलला ६० दिवस, तेवढ्यात हरकत आली नाही तर बदल लागू, आणखी माहिती मागवली तर घड्याळ परत पहिल्यापासून. अन् मेन गोष्ट, या बदलाने भेदभाव होणार नाही हे बदल करणाऱ्यानेच दाखवायचं. हे वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला बाप्पा.

ही भानगड लागली कशाला ते कळायला अलाबामाच्या टस्कीगीचं उदाहरण बघा. शहराची हद्द चौकोनी होती, ती १९५७ मध्ये २८ बाजूंची करून टाकली, अन् जवळपास ४०० काळे मतदार होते त्यातले चार-पाच सोडून सगळे एका झटक्यात शहराबाहेर. माणूस घरातच बसलेला, लाईनच त्याच्या घरावरून निघून गेली. सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये ते अडवलं, पण कोर्ट म्हणजे एकेक केस, अन् एक युक्ती अडवली की तिथले सत्ताधारी दुसरी काढायचे. म्हणून १९६५ चा कायदा.

सगळ्यात भारी फीचर १९६९ मध्ये कळलं. मिसिसिपीत असा कायदा केला होता की काउंटीच्या बोर्डावरचे सदस्य आपापल्या भागातून नाही तर पूर्ण काउंटीने मिळून निवडायचे. वरून दिसायला एकदम लोकशाही. पण ज्या भागात काळी वस्ती जास्त, तिथला माणूस आधी आपल्या लोकांच्या जोरावर निवडून यायचा, आता पूर्ण काउंटीची मतं लागणार म्हणजे विषयच संपला. कोर्ट म्हणालं, हा पण बदलच, याला पण मंजुरी लागेल. आता आपल्या चार-चार सदस्यांच्या प्रभागाकडे बघा अन् सांगा, एका छोट्या वस्तीचं वजन एकच्या वॉर्डात जास्त की चारच्या? आपल्याकडे एससी-एसटीच्या जागा राखीव असतात, तिकडे तसं नाही, तो फरक मोठा आहे, मान्य. पण उरलेल्या जागांवर कोणाची मतं निर्णायक ठरतील ते लाईन काढणाऱ्याच्याच हातात राहते. (इंदोरा म्हणजे नागपुरातली आंबेडकरी वस्ती, तिथल्या कोणाला हे समजावून सांगायची गरज नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्येच तिकडचे काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांचा युनोतला अर्ज मागवला होता.)

परफॉर्मन्स? मिसिसिपीचं किलमायकल घ्या, छोटंसं गाव. जनगणनेत काळे लोक बहुसंख्य झाल्याचं दिसलं, निवडणुकीला कधी नव्हे इतके काळे उमेदवार उभे राहिले, तर २००१ मध्ये नगर परिषदेने मतदान तीन आठवड्यांवर असताना निवडणूकच रद्द केली. काय हिंमत! जस्टिस डिपार्टमेंटने (ॲटर्नी जनरलचं खातं) हरकत घेतली, शेवटी निवडणूक झाली, गावाला पहिला काळा महापौर मिळाला. वर्षाला हजारो बदल त्यांच्याकडे यायचे, हरकत एक टक्क्यापेक्षाही कमी बदलांवर, म्हणजे 'सगळ्यांची कामं अडवून बसतात' हे रडगाणं काही खरं नाही.

आता कापलेला स्टार. बदलाचा परिणाम तपासायचं हिचं माप 'आधीपेक्षा वाईट नको' एवढंच, १९७६ पासून कोर्टाने तेच धरलं. म्हणजे आधीच वाईट असेल तर तसंच चालू दे. अन् कोणत्या भागाला ही सर्विस लागू ते ठरवायचा फॉर्म्युला १९६४, ६८ अन् ७२ च्या निवडणुकांच्या आकड्यांवर अडकलेला. २००६ मध्ये काँग्रेसने (तिकडची संसद) कायदा २५ वर्षं वाढवला, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य, पण फॉर्म्युल्याला हात लावला नाही. हा आळस महागात पडला. २५ जून २०१३, अलाबामातल्या शेल्बी काउंटीने केलेली केस, सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४, फॉर्म्युला रद्द. कलम ५ पुस्तकात आहे, पण लावायचं कोणाला तेच ठरत नाही म्हणून दुकान बंद.

चीड याची येते की त्याच शेल्बी काउंटीतल्या कालेरा शहरात नव्या रचनेमुळे एकमेव काळ्या नगरसेवकाच्या वॉर्डातले काळे मतदार सुमारे ७१ टक्क्यांवरून ३० च्या आत आले होते, २००८ ला तो हरला, अन् याच कलमाच्या जोरावर निवडणूक परत घ्यावी लागली. तीच काउंटी म्हणते आम्हाला आता तपासणी नको!

मतदानात भेदभावाला बंदी करणारं त्याच कायद्याचं कलम २ अजून आहे, पण त्यात केस तुम्ही करा, वकील तुम्ही लावा, एक्स्पर्ट तुम्ही आणा, तोपर्यंत निवडून आलेला माणूस टर्म काढून मोकळा. आपल्याकडे तर निवडणूक लागली की घटनेचं २४३ झेड-जी समोर येते, म्हणजे पालिका निवडणुकीत कोर्टाने हात घालायचा नाही. म्हणून मला पूर्ण सर्विस नको, फक्त एकच फीचर द्या, लाईन का सरकवली ते सरकवणाऱ्याने हरकतींच्या आधी लेखी सांगायचं, वस्तीवार आकड्यांसकट.

बाकी माल पूर्ण संपलेला नाही. टेक्सासच्या पासाडेना शहराने शेल्बीच्या निकालानंतर दोन जागा वॉर्डातून काढून पूर्ण शहरावर टाकल्या, लॅटिनो लोक कोर्टात गेले अन् २०१७ मध्ये जजने मुद्दाम भेदभाव केला असं म्हणून शहराला काही वर्षांसाठी परत मंजुरीखाली टाकलं. त्यासाठी आधी ट्रायल जिंकावी लागते भाऊ.