वरून स्टीलची जाळी, आत पाण्याची नळी

माझ्याकडे 1996 ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. आधीच्या मालकाने सीट काढून आत पलंग, सिंक आणि शेगडी बसवली होती. घाटात इंजिन तापू नये म्हणून रेडिएटरपुढे इंजिनचं ऑइल गार करणारा ऑइल कूलरही लावून घेतला होता. बायको तिला ‘दुसरं घर’ म्हणते, आणि त्यात लाडापेक्षा टोमणा जास्त असतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मुलुंडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइलचे थेंब दिसायला लागले. खाली वाकून पाहिलं. कूलरकडे ऑइल नेणारी एक आणि परत आणणारी एक, अशा दोन नळ्या असतात. दोन्हींचं रबर कडक होऊन भेगाळलं होतं आणि टोकाच्या जोडापाशी ऑइल पाझरत होतं. वय झालं की हे व्हायचंच. दोन नळ्या बदलायच्या, एवढंच काम.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचं एक गॅरेज कुणीतरी सुचवलं. मालक चिपळूणकडचा. माझं आडनाव ऐकून म्हणाला, “म्हणजे काका, आपण गाववालेच की!” मी तिथेच विरघळलो. साध्या रबरी नळ्या कशाला, म्हणाला, इम्पोर्टेड स्टील ब्रेडेड टाकू, म्हणजे वरून स्टीलच्या तारांची जाळी विणलेल्या, रेसिंगच्या गाड्यांना असतात तशा, पुन्हा दहा वर्षं बघायला नको. मजुरी धरून 14,500 रुपये. 3,000 आगाऊ मी फोनवरून दिले. बाकीचे रोख मागितले, कारण बिल केलं तर जीएसटी लागेल. मी लगेच म्हटलं, बिल नको. त्याने नुसतं सुचवलं होतं, हपापलो मी.

गाडी आणायला गेलो तर इंजिनखाली नुसता लखलखाट. चांदीसारखी विणलेली जाळी, टोकांना लाल-निळ्या टोप्या. मी फोटो काढून भावाला पाठवला. जुन्या नळ्या मागितल्या, तर त्या भंगारात गेल्या होत्या.

मेअखेर आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला निघालो. कसारा घाटात अर्ध्यावर बायको म्हणाली, “अहो, तो लाल दिवा कसला?” ऑइल प्रेशरचा होता. मी तिथल्या तिथे इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली. मागे रस्त्यावर ऑइलचा काळा पट्टा उमटला होता. सहा-साडेसहा लिटर ऑइलमधलं डिपस्टिकच्या टोकाला लागण्याइतकंही उरलं नव्हतं. “जाऊ या पुढच्या वळणापर्यंत” म्हटलं असतं, तर क्रँकची बेअरिंग गेली असती.

खालून एक ट्रकवाला मेकॅनिक आला. एक नळी जोडातून निसटून लोंबत होती. त्याने आधी लाल टोपी सरकवली. आत रेडिएटरला लावतात तसली साधी स्क्रूची क्लिप. टोपी फक्त ती झाकायला. मग त्याने पकडीने जाळी कापून मागे सोलली. आत काळं रबर, बोटाने दाबलं तर कणकेसारखं मऊ, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘हीटर होज’. तो हसलाच. “साहेब, ही तर पाण्याची नळी. जाळी नुसती मोज्यासारखी चढवलीय.”

हीटर होज बहुतेक ईपीडीएम रबराची असते. कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला, ते रबर उत्तम, पण खनिज तेलात ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. शिवाय कूलंटचा दाब असतो साधारण एक बार (दाबाचं माप). सकाळी गार इंजिन चालू केलं की ऑइलचा दाब चार-पाच बारवर जातो, त्यापुढे क्लिप कितीशी टिकणार? माझी दोन महिने टिकली ती केवळ गाडी उभी होती म्हणून.

टोइंगला 6,500 गेले. गॅरेजवाल्याला ती नळी दाखवली, तर “काका, घाटात गाडी तापवलीत, त्याला मी काय करणार?” त्यानंतर गाववाल्याने फोन उचलणं बंद केलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, हे मला नंतर कळलं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. हातात पुरावा काय, तर 3,000 चा एक व्यवहार आणि लखलखाटाचा तो फोटो.

खरं काम नागदेवी स्ट्रीटवर झालं. जुन्या नळ्यांची टोकं असती तर आटे जुळवणं पाच मिनिटांचं होतं. ती नसल्यामुळे कूलर आणि फिल्टरकडचे निपल (नळी जोडायचे आट्यांचे तुकडे) पिशवीत घालून लोकलने मशीद स्टेशनला दोन खेपा झाल्या. दुकानदाराने पहिल्यांदा विचारलं, “ऑइल किती गरम होतं?” नेहमीची हायड्रॉलिक नळी 100 अंशांपर्यंतचीच असते, घाटात इंजिन ऑइल त्याच्या वर जातं. म्हणून त्याने 150 अंशांची काढली. नळीवर छापलेला दर्जा, दाब आणि बनवल्याची तारीख वाचायला लावली, आणि टोकं माझ्यासमोर मशीनवर क्रिम्प केली, म्हणजे दाबून पक्की बसवली. क्लिप कुठेच नाही. दोन्ही मिळून 3,400, पक्क्या बिलासह. दिसायला अगदीच काळ्याकुट्ट आहेत.

यंदा कुणी तुम्हाला जाळीची नळी दाखवली, तर तिचं कापलेलं तोंड बघायला मागा. खऱ्या रबरी नळीत तारेचं विणकाम रबरावर घट्ट बसलेलं असतं, मोज्यासारखं हाताने सहज मागेपुढे सरकत नाही. माझा तुकडा मी खिडकीत ठेवलाय. वर्ष झालं, अजून फुगलेलाच आहे.