‘डीएमआर म्हणजे डीएमआर, सगळं चालतं’ म्हणणाऱ्यापासून सावध

डिस्पॅच कन्सोल, म्हणजे सगळे वायरलेस सेट एका कॉम्प्युटरवरून सांभाळायची यंत्रणा, विकायला येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "साहेब, डीएमआर म्हणजे डीएमआर. कुठल्याही कंपनीचा सेट असू द्या, चालतो." डीएमआर म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, डिजिटल वायरलेस सेटचा एक प्रकार. आमच्या साखर कारखान्याला त्यांचं हे वाक्य चांगलंच महागात पडलं. हीच मंडळी आता इतर कारखान्यांत आणि सिक्युरिटी एजन्सींकडे फिरतायत, म्हणून लिहितोय.

शेतकी विभागाच्या जीप, गटऑफिसं, केन यार्ड आणि वजनकाटा एका टेबलावरून सांभाळायचे, कोणती जीप कुठे आहे ते नकाशावर बघायचं, एवढीच आमची मागणी. डीएमआर सेट आणि रिपीटर (सेटचा सिग्नल पकडून लांबपर्यंत पुन्हा पाठवणारं यंत्र) आमच्याकडे आधीपासून होते. पुरवठादाराने डेमो दिला तो मात्र स्वतःच्या बॅगेतले सेट काढून. नकाशावर ठिपके हलले, संचालक मंडळी खूश, ऑर्डर निघाली.

आमच्या रिपीटरला कन्सोल जोडल्यावर काहीच बोलेना. मग पुरवठादाराने गाडीत बसवतात तसा एक साधा वायरलेस सेट मध्ये घालून ऑडिओ केबलने कन्सोलला जोडून दिला. आवाज सुरू झाला. पण बोलतोय कोण ते दिसत नव्हतं, जीपीएस नाही, जीपमधलं इमर्जन्सी बटण दाबलं तरी स्क्रीन ढिम्म. नुसता आवाजच हवा होता तर ऑफिसातला जुना बेस सेट काय वाईट होता?

यातली गोम अशी. डीएमआर हे ईटीएसआय या युरोपीय संस्थेचं २००५ सालचं मानक. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलात दोन स्वतंत्र संभाषणं कशी बसवायची, हे त्यात ठरलेलं आहे. म्हणून दोन कंपन्यांचे सेट एकमेकांशी साधं बोलू शकतात. पण रिपीटर नेटवर्क केबलवरून कन्सोलशी कसा बोलणार, हे बऱ्याच कंपन्यांनी आपापल्या पद्धतीनं केलंय. कन्सोलचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीच्या रिपीटरसाठी लिहिलंय, त्याच्याशीच ते पूर्ण चालतं. विकणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. नाहीतर डेमोला स्वतःचे सेट कशाला आणले असते?

जुना व्हीएचएफ बेस सेट कॉम्प्युटरला जोडायला त्याने यूएसबी-सिरियल केबलही दिली होती. तीही चालेना. कॉम्प्युटरवर डिव्हाइस मॅनेजर उघडला तर केबलमधल्या चिपच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि मजकूर: ही चिप २०१२ पासून बंद आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. पुरवठादार फोन उचलत नव्हता, ही गोष्ट वेगळी. या चिपच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि नवे ड्रायव्हर त्यांना असेच अडवतात.

खरी फसवणूक तर पुढेच होती. ऐन गळिताच्या हंगामात एका सकाळी कन्सोल उघडेना. चाचणी मुदत संपली म्हणे. बिलावर तर ‘कायमस्वरूपी लायसन्स’ लिहिलेलं. सोबतच्या डोंगलचा (सॉफ्टवेअरची किल्ली असलेल्या यूएसबी तुकड्याचा) क्रमांक आम्ही थेट सॉफ्टवेअर कंपनीला कळवला, तर उत्तर आलं की तो डोंगल दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर नोंदलेला आहे आणि आमच्या नावाने कुठलंच लायसन्स नाही.

तेव्हा कोणी असा कन्सोल घेत असेल तर डेमो आपल्याच रिपीटरवर आणि आपल्याच सेटवर मागा, तोही जीपीएस, कॉलर आयडी आणि इमर्जन्सीसकट. आपल्या रिपीटरचं मॉडेल आणि फर्मवेअरचा (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) क्रमांक पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या, म्हणजे ‘सुसंगत आहे’ या मोघम शब्दामागे कोणाला लपता येणार नाही. लायसन्स आपल्या नावावर असल्याचं सॉफ्टवेअर कंपनीकडून पत्र येईपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नका. आमचा तो हप्ता आम्ही अडवला आणि वकिलामार्फत नोटीस दिली.

आणि सेटच्या प्रोग्रामिंगची फाइल व तिचा पासवर्ड पहिल्याच दिवशी ताब्यात घ्या. आमचे सगळे सेट पुरवठादाराने कन्सोल जोडताना नव्याने प्रोग्राम करून कुलूपबंद केलेत. पासवर्ड मागितला की तो एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन पाठवतो.