बॅकअप अडला: चेकडिस्क की डीडीरेस्क्यू?
ऐन द्राक्ष हंगामात पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमधला हिशेबाचा कॉम्प्युटर बॅकअप घेताना 'रीड एरर' देऊन थांबला, की पहिला हात विंडोजच्या चेकडिस्ककडे, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या सोयीकडे जातो. सोपी आहे, फुकट आहे. पण ती दुरुस्तीसाठी त्याच डिस्कवर लिहिते आणि खराब सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) शोधायला अख्खी डिस्क पिंजून काढते. लाइट गेल्यामुळे फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी) बिघडली असेल तर ठीक. डिस्कच खंगलेली असेल तर मात्र हा जुगार.

डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालवता येतं. मूळ डिस्क ते फक्त वाचतं: आधी सहज मिळणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. मॅपफाइल (किती वाचून झालं याची नोंद) ठेवली तर मध्येच थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. कमांडमध्ये मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर मात्र सगळा डेटा पुसलाच म्हणून समजा.

डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीत, म्हणजे स्मार्ट अहवालात, 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न आलेले कप्पे) दिसले तर माझं मत सरळ डीडीरेस्क्यूला. चेकडिस्क नंतर, तीही प्रतीवर. नुसते सीआरसी एरर (डेटाची ने-आण होतानाच्या चुका) वाढत असतील तर आधी केबल बदला. आणि डिस्क टकटक वाजत असेल तर दोन्ही नकोत, कॉम्प्युटर बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याला गाठा.