टर्बो गाडीला हेडर घेताय? आधी बॉनेट उघडून बघा

माझ्या धाकट्या भावाला एका ट्यूनरनं, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणाऱ्यानं, टर्बो गाडीचं हेडर विकलं आणि 60,500 रुपये घेतले. हेडर म्हणजे सिलिंडरमधून निघणारा धूर एकत्र करून पुढं नेणाऱ्या नळ्यांचा संच, आणि टर्बो म्हणजे त्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. ते हेडर त्या गाडीला बसत नाही. खरं तर त्या इंजिनाला हेडर नावाचा सुटा भाग लागतच नाही, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. सोलापुरात आता जुन्या टर्बो गाड्या हौसेनं घेणारी पोरं बरीच झाली आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. 2017 साली आपल्याकडे आलेली, 2.0 टीएसआय, कंपनीतूनच 230 पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) आणि 350 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. पुण्याहून सेकंड हँड आणली. इन्स्टाग्रामवर त्या ट्यूनरची जाहिरात दिसली आणि बोलणं सुरू झालं: 4-2-1 हेडर (चार नळ्यांच्या दोन, दोनाची एक), 304 प्रतीचं स्टेनलेस, आर्गॉन वेल्डिंग, बसवलं की 45 हॉर्सपॉवर जास्त. किंमत 85,000, निम्मे आधी. सोबत डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, ग्राफ आणि पाइपाला लावलेलं लोहचुंबक खाली पडतानाचा व्हिडिओ. बोलणं एकदम अदबीचं, रात्री अकराला मेसेज केला तरी उत्तर यायचं. धाकट्यानं 42,500 पाठवले.

पार्सल आलं. होटगी रोडला आमचे नेहमीचे मेस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी वरचं कव्हर काढलं, मोबाइलचा कॅमेरा इंजिनाच्या मागं घालून व्हिडिओ काढला आणि आम्हाला दाखवला. "हा टर्बो बघा, थेट हेडला बोल्ट केलाय. मधे पाइपच नाही. तुमचा हा चार नळ्यांचा पाइप बसवू कुठं, सांगा."

या गाडीतलं इंजिन म्हणजे फोक्सवॅगन गटाचं तिसऱ्या पिढीचं ईए888. त्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर एकत्र करणारा भाग, सिलिंडर हेडमध्येच (इंजिनाच्या वरच्या ठोकळ्यातच) ओतलेला असतो. चारही सिलिंडरचा धूर हेडच्या आतच एकत्र येतो, त्याभोवती कूलंट फिरतं. त्यामुळे सुरू केल्यावर थंड इंजिन लवकर गरम होतं, आणि जोरात चालवताना टर्बोकडं जाणारा वायू थोडा थंड राहतो. पोलो, टायगुन, स्लाव्हियामधल्या 1.0 टीएसआयचीही रचना अशीच. अशा इंजिनात बदलण्याजोगा भाग टर्बोच्या पुढं असतो, तो डाऊनपाईप. त्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढला तर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, धूर नियमात राहत नाही, आणि गाडीत बदल करण्यावर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा प्रश्न येतो तो वेगळाच. वेगळा मॅनिफोल्ड असणाऱ्या टर्बो गाड्या आहेत, नाही असं नाही. मित्सुबिशीची इव्हो किंवा परदेशात सुबारूची डब्ल्यूआरएक्स घ्या. तिथं हेडर निवडणं हा खरा विषय आहे: नळ्यांची लांबी, फ्लँजची (बोल्ट लावायच्या सपाट पट्टीची) जाडी, कुठला धातू. पण ती चर्चा उचलून ऑक्टाव्हियाला चिकटवणं ही सरळ लबाडी.

धाकट्यानं फोन लावला. समोरचा जराही गडबडला नाही. म्हणाला, "हो सर, त्याला अडॅप्टर प्लेट लागते, 18,000. ती आली की बसेल." ते पैसेही गेले. प्लेट आली नाही. मग नवीन मागणी: हेडच बदलावं लागेल, आणखी 60,000. तेव्हा धाकट्यानं मला सांगितलं आणि मी पुढचा रुपया जाऊ दिला नाही. मी जाब विचारल्यावर नंबर ब्लॉक झाला. अशा माणसाची खरी कमाई पहिल्या पैशात नसते. आधी अडकलेले पैसे सोडवायला माणूस पुढचे पैसे देतो, त्यावरच तो जगतो.

धातूचंही ऐका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे पाइप नेला. त्यानं घासून तपासणीच्या रसायनाचा एक थेंब टाकला, बॅटरी लावली, थेंब लालभडक झाला. म्हणजे मँगनीज जास्त, म्हणजे 201, स्वस्तातलं स्टेनलेस. नंतर स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते मोजणारी चाचणी) करून घेतलं तर निकेल 4 टक्क्यांच्या आसपास. 304 मध्ये ते 8 टक्के तरी असायला हवं. लोहचुंबक 304 ला चिकटत नाही तसं 201 लाही चिकटत नाही, त्यामुळे तो व्हिडिओ काहीच सिद्ध करत नाही. उलट कंपन्या सायलेन्सरला 409 प्रतीचा स्टेनलेस वापरतात, त्याला चुंबक चिकटतं आणि तरी तो त्या कामाला योग्य असतो. फ्लँजच्या तोंडातून बोट घातलं तर वेल्डिंगची आतली बाजू काळी, दाणेदार, जळक्या साखरेसारखी लागली. आतून आर्गॉन वायू न सोडता वेल्ड केलं की असं होतं. टर्बोच्या आधीच्या पाइपात त्यातला एखादा कण सुटला तर तो थेट टर्बोतल्या टर्बाईनच्या पात्यांवर जातो.

आणि तो ग्राफ. 5500 आरपीएमला टॉर्क 420 न्यूटन-मीटर आणि पॉवर 285 पीएस. आता टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 7024 केलं की पीएस निघतात, हे कुठल्याही गाडीला लागू आहे. हिशेब करा, 329 येतात. एकाच ठिकाणचे हे दोन आकडे एकत्र खरे असूच शकत नाहीत. ग्राफ कुणी पाठवला तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एवढं करून बघाच.

पैसे देण्याआधी गाडीचा इंजिन कोड विचारला का, तेही बघा. आम्हाला त्यानं फक्त मॉडेल आणि रंग विचारला होता. यूपीआयवर दुकानाऐवजी माणसाचं नाव आलं होतं आणि बिल "नंतर पाठवतो" होतं. जीएसटी नंबर मागून पोर्टलवर तपासता येतो. तो देत नसेल तर तिथंच थांबा.

आम्ही 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या हा नंबर लावला तर रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त असते. शिवाय ग्राहक आयोगात जातोय. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असो. मुदत दोन वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. चॅट, पावत्या, पार्सलवरचं लेबल, स्पेक्ट्रोचा कागद, मेस्त्रींनी काढलेला व्हिडिओ, सगळं जोडलंय.

कागद गोळा करताना पंढरपूरचा एक मुलगा भेटला. त्याची गाडी पोलो, इंजिन 1.0. त्यालाही हाच ग्राफ पाठवला होता, फक्त वरचं गाडीचं नाव बदलून. त्याचे 30,000 गेलेत. तोही आता आमच्याबरोबर तक्रार करतोय.