पहिला आरसा सहा इंची की आठ इंची? कोकणात घरी पॉलिश करणाऱ्यांसाठी

घरी दुर्बिणीचा आरसा करायला घेतला की हटकून दोन पर्याय समोर येतात: सहा इंच व्यासाचा एफ/८ (फोकल लेंथ व्यासाच्या आठ पट) किंवा आठ इंची एफ/६ (सहा पट). दोन्हींची फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर, एकच, ४८ इंच. म्हणजे नळीची लांबी तीच आणि चाचणीसाठी लागणारं त्याच्या दुप्पट, आठ फुटांचं अंतरही तेच. आठ इंची आरसा जवळजवळ पावणेदोन पट प्रकाश गोळा करतो, त्यामुळे मन तिकडेच ओढ घेतं. घासकाम आणि पॉलिश दोन्हींचं सारख्याच पद्धतीने होतं, आठ इंचीला वेळ जास्त लागतो इतकंच. वाटा वेगळ्या होतात त्या शेवटी, गोलाकाराचा पॅराबोला, म्हणजे ताऱ्याचा सगळा प्रकाश एकाच बिंदूत आणणारा आकार, करताना.

सहा इंची एफ/८ अचूक गोलाकार राहिला, तरी चूक हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण पाव पट येते, म्हणजे जेमतेम चालण्याच्या हद्दीत. तो पॅराबोलाकडे थोडा जरी सरकवला तरी गुरूचे पट्टे छान दिसतात. आठ इंची एफ/६ गोल ठेवला तर हीच चूक पाऊण तरंगलांबीच्या वर जाते, आणि मग मोठ्या आरशाचा उपयोग काय? फूको चाचणीत (आरशावरून परतणारा प्रकाश धारदार पात्याने अडवून आकार मोजायची पद्धत) प्रकाशाचा स्रोत जागीच ठेवून पातं सरकवलं, तर मध्य आणि कड यांच्यासाठीच्या पात्याच्या जागांमधला फरक सहा इंचीत सुमारे २.४ मिलिमीटर, आठ इंचीत ४.२ मिलिमीटर यायला हवा. आठ इंचीत तो मध्यापासून कडेपर्यंतच्या चार-पाच वर्तुळाकार पट्ट्यांत नीट वाटलेलाही हवा.

कोकणात खरा प्रश्न पिचचा, म्हणजे पॉलिश करायच्या तबकडीवर (लॅपवर) ओततात त्या डांबरासारख्या पदार्थाचा. जानेवारीत बेताचं वाटणारं पिच एप्रिल-मेच्या दुपारी इतकं मऊ पडतं की लॅपवरच्या चौकटींमधल्या चिरा बुजून जातात आणि आरशाची कड जास्त झिजून खाली उतरते. उतरलेली कड दुरुस्त करण्याइतकं कंटाळवाणं काम या छंदात दुसरं नाही. पिच घट्ट व्हावं म्हणून ते वितळवताना थोडी थोडी राळ मिसळत जा. ज्या खोलीत पॉलिश करणार, तिथेच ते निवू द्या आणि मग अंगठ्याचं नख दाबून बघा: खूण सावकाश उमटली पाहिजे, लोण्यात रुतल्यासारखी नको. आठ इंचीचा लॅप मोठा, घर्षणाची उष्णता जास्त, आणि पॅराबोलासाठी लांब हात मारताना कडेला धोका जास्त. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर पहाटे करा.

माझ्या मते या कामाला पावसाळाच उत्तम. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं, तापमान स्थिर, शिवाय जांभ्याची लाल धूळ खाली बसलेली. त्या धुळीचा एक कण लॅपवर आला तरी ओरखडा ठरलेला, म्हणून लॅप कायम झाकून ठेवा. किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, तेव्हा साधी जाड काचही चालते.

चाचणी पडवीत नको, माजघरात घ्या: दारं बंद, पंखा बंद. पॉलिशनंतर आरसा गरम असतो, लगेच मोजलं तर आकडे फसवतात. एक इंच जाडीची सहा इंची काच तासाभरात बऱ्यापैकी निवते. आठ इंची काच सहसा जास्त जाड असते, त्यामुळे तिला वेळही जास्त द्यावा लागतो. दिवसभरात पॉलिश आणि मोजणीच्या किती फेऱ्या होतात, हे त्यावरच ठरतं, आणि पॅराबोलासाठी आठ इंचीला अशा फेऱ्या कितीतरी जास्त लागतात.

एकट्याने, पहिल्यांदाच करत असाल, तर सहा इंची घ्या; मी यात दुसरा विचार करणार नाही. पण पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांसारख्या संस्थेतलं कोणी जाणकार मोजमाप तपासून देणार असेल, आणि गुहागर किंवा देवगडच्या आतल्या गावात काळंभोर आकाश हाताशी असेल, तर आठ इंचीची मेहनत वाया जात नाही. तिथे तेजोमेघ आणि दीर्घिका बघायला तो जास्तीचा प्रकाश खरोखर कामी येतो. सहा इंची करणाऱ्यांनी नळी मात्र दहा इंची व्यासाची करावी, पुढे आठ इंची आरसा त्याच नळीत बसेल.

लेपाच्या बाबतीत दोन्हींना एकच नियम. घरी चांदी चढवली तर खाऱ्या हवेत ती लवकर काळी पडते. ॲल्युमिनियमचाच लेप करून घ्या, आणि वर सिलिकॉन ऑक्साइडचा संरक्षक थर हवा, हे आरसा लेपासाठी देतानाच सांगा.