कोलिनएस्टरेज स्ट्रिपचा संच: गोळी तपासायला चांगला, पण धुण्याची पायरी गाळा

डोनेपेझिल, गॅलँटामाइन, निओस्टिग्मिन ही औषधं ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमला अडवतात, आणि हा संच ते अडवणं करंटमधून मोजतो. छापील कार्बन इलेक्ट्रोडवर कोबाल्ट थॅलोसायनिन, त्यावर एन्झाइमचा थर. सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम जे फोडतं ते ॲसिटिलथायोकोलिन, टाकलं की थायोकोलिन तयार होतं, ते +०.१ व्होल्टच्या आसपास ऑक्सिडाइज होतं आणि करंट मिळतो. औषध असेल तर करंट पडतो. कोऱ्या कार्बनवर +०.७ पर्यंत जावं लागतं आणि नमुन्यातलं इतर बरंच काही सोबत मोजलं जातं, त्यामुळे कोबाल्ट थॅलोसायनिन असणं मोठी सोय आहे. छपाई स्वच्छ, काठ सरळ.

खरी अडचण माहितीपत्रकात आहे. नमुना दहा मिनिटं ठेवा, बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुवा, मग सबस्ट्रेट टाका, असं त्यात लिहिलंय. ही रीत कीटकनाशकांची. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक एन्झाइमला पक्कं चिकटतं, धुतलं तरी सुटत नाही. डोनेपेझिल आणि गॅलँटामाइन मात्र धुताना निघून जातात. मग करंट जवळजवळ पूर्ववत येतो आणि ‘गोळीत औषधच नाही’ असा साफ चुकीचा निष्कर्ष निघतो.

त्याऐवजी असं करा. स्ट्रिपवर ४५ मायक्रोलिटर बफर (पीएच ७.४, त्यात ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड), त्यात ५ मिलिमोलर सबस्ट्रेटचे ५ मायक्रोलिटर, करंट स्थिरावला की नोंदवा. स्ट्रिप धुऊन त्याच स्ट्रिपवर नुसत्या बफरऐवजी त्याच बफरमधलं औषधाचं द्रावण घ्या, दहा मिनिटं थांबा, न धुता तेवढंच सबस्ट्रेट टाका. दोन करंटमधला फरक भागिले पहिला करंट, गुणिले शंभर: ही अडवणुकीची टक्केवारी. दोन्ही मोजमापं एकाच स्ट्रिपवरच हवीत, कारण दोन स्ट्रिपमधलं एन्झाइम कधीच सारखं नसतं. सबस्ट्रेट वाढवू नका: गॅलँटामाइन त्याच्याशी जागेसाठी स्पर्धा करतं, जास्त झालं की औषधाचा परिणाम झाकला जातो. बफरमधलं क्लोराइडही कमीजास्त होऊ देऊ नका, चांदीचा रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज धरतात तो इलेक्ट्रोड, त्यावरच टिकतो.

५ मिलिग्रॅमची डोनेपेझिल हायड्रोक्लोराइडची गोळी १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवली तर साधारण १२० मायक्रोमोलर होतं. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून हजारपट पातळ करा आणि तिथून आणखी पातळ द्रावणांच्या पायऱ्या पाडा. निओस्टिग्मिनसाठी स्ट्रिप पुन्हा वापरू नका, ते कार्बामेट गटातलं आहे आणि एन्झाइमवरून हळूहळूच सुटतं.

कोणतं औषध आहे हे संच सांगत नाही, एकूण अडवणूक सांगतो. रक्ताच्या सीरमला तर आम्ही नाहीच म्हणू: त्यात ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे दुसरं एन्झाइम असतं, तेही सबस्ट्रेट फोडतं आणि औषध नसल्यासारखा करंट देतं.

कोल्हापुरात दोन गोष्टी सांभाळा. पावसाळ्यात उघडी राहिलेली पाकिटं ओल धरतात, चांदीचे संपर्क काळे पडतात आणि करंट उड्या मारतो. सिलिका जेलच्या डबीत, ४ अंशावर ठेवा, आणि डबी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गोदामात पाकीट रविवारभर पडलं तर एन्झाइम तिथेच मरतं. मागवताना आइसपॅकसह सोमवारी रवाना करायला सांगा, आणि पाकीट आल्याबरोबर एका स्ट्रिपचा कोरा (औषधाशिवायचा) करंट घेऊन माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहा, म्हणजे माल परत करायची मुदत हातात राहते.