एल पासो की लास क्रुसेस: नवीन नर्स प्रॅक्टिशनरने (एनपी) प्रॅक्टिस कुठे करावी?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. बहुतेक आपलीच मुलंमुली, मिरज नाहीतर पुण्याकडून बीएस्सी नर्सिंग करून आलेली, इथे अमेरिकेत एमएसएन (नर्सिंगमधलं मास्टर्स) करून एफएनपी झालेली, म्हणजे पेशंट तपासून औषधही लिहून देणारी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. "दादा, टेक्सासमध्येच राहू की न्यू मेक्सिकोत जाऊ?" दोन्हीकडे काम केलंय म्हणून लिहितोय. आधी चार वर्षं टेक्सासमधल्या एल पासोत होतो, आता न्यू मेक्सिकोतल्या लास क्रुसेसला. मधे आय-10 हायवेवरचे साधारण 70 किलोमीटर. पेशंट तेच, स्पॅनिश तीच, घरोघरी डायबेटिसही तोच, घड्याळसुद्धा एकच. वाटेत ॲन्थनी नावाचं गाव लागतं, त्याच्या मधूनच राज्याची हद्द जाते, आणि हद्दीच्या टेक्सासच्या बाजूला तुम्ही औषध लिहिता ते डॉक्टरने तुम्हाला दिलेल्या अधिकारावर, न्यू मेक्सिकोच्या बाजूला स्वतःच्या लायसन्सवर.

टेक्सासमध्ये लिहिताच येत नाही असं नाही, हा गैरसमज आधी काढा. 2013 च्या कायद्यापासून डॉक्टरबरोबर प्रिस्क्रिप्टिव्ह ॲथॉरिटी ॲग्रीमेंट (औषध लिहिण्याच्या अधिकाराचा करार) करायचं, एका डॉक्टरला आपल्यासारखी सात फुलटाइम माणसं घेता येतात, दर महिन्याला मीटिंग, काही चार्ट्स त्याने बघायचे, आणि प्रिस्क्रिप्शनवर तुमच्याबरोबर त्याचंही नाव, पत्ता, फोन. सवय लागू शकणाऱ्या, म्हणजे कंट्रोल्ड औषधांचे सरकारने गट पाडलेत, त्यांना शेड्यूल म्हणतात, आकडा लहान तितकं बंधन कडक. शेड्यूल तीन ते पाचची औषधं रिफिल धरून 90 दिवसांपर्यंत, पुढे द्यायची तर डॉक्टरशी बोलून चार्टमध्ये नोंद करायची. शेड्यूल दोन मात्र क्लिनिकमध्ये बसून नाहीच. ॲडमिट पेशंट, इमर्जन्सी किंवा हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची सेवा) असेल तरच. हायड्रोकोडोन हे दुखण्यावरचं औषध 2014 च्या ऑक्टोबरात शेड्यूल दोनमध्ये गेलं तेव्हापासून तेही त्यातच आलं. एडीएचडीच्या (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) मुलांचं तर विचारूच नका, मूल वर्षभर तुम्ही बघताय, शाळेचे फॉर्म तुम्ही वाचताय, आणि मिथाइलफेनिडेट हे त्यावरचं शेड्यूल दोनचं औषध, त्यासाठी त्याच्या आईला डॉक्टरकडे पाठवायचं.

न्यू मेक्सिकोत डॉक्टरशी करार लागत नाही, 1993 पासून. शेड्यूल दोन ते पाच सगळं स्वतःच्या सहीने. कागद मात्र कमी नाहीत. आरएनचं (साध्या रजिस्टर्ड नर्सचं) लायसन्स कॉम्पॅक्टमुळे, म्हणजे राज्याराज्यांतल्या करारामुळे, दोन्हीकडे चालतं पण एपीआरएनचं (एनपी ज्यात येतात त्या वरच्या पायरीचं) नाही, ते वेगळं काढायचं. कंट्रोल्ड औषधं लिहायला केंद्र सरकारचा डीईए नंबर लागतो, तो प्रत्येक राज्यासाठी वेगळा, तीन वर्षांचे 888 डॉलर, दोन्हीकडे काम करायचं असेल तर दोनदा भरा. वर न्यू मेक्सिकोच्या फार्मसी बोर्डाचं कंट्रोल्ड सबस्टन्सचं रजिस्ट्रेशन, राज्याचं असं रजिस्ट्रेशन टेक्सासने 2016 मध्ये बंद केलं. आणि टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, इकडे आहे. माझं घर अजून एल पासोतच आहे तरी इथल्या कमाईवर इथला टॅक्स भरतोच, दरवर्षी तो आकडा बघून थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता माझं का ठरलं ते सांगतो. मीटिंगचा मला त्रास नव्हता, उलट माझे डॉक्टर शिकवायचे फार छान. एका शुक्रवारी त्यांनी नोकरी सोडली, घरच्या अडचणी होत्या, त्यांचा काही दोष नाही. पण ॲग्रीमेंट त्यांच्याशी होतं, ते संपलं, आणि सोमवारी सकाळी मी क्लिनिकमध्ये आलो तो औषध लिहिण्याचा अधिकार नसलेला माणूस म्हणून. नुसती कंट्रोल्ड नाहीत हां, बीपीची साधी गोळीसुद्धा नाही. क्लिनिकवाले म्हणाले दुसरा डॉक्टर बघतोय, दोन दिवसांत होईल. त्याला अकरा कामाचे दिवस लागले. पेशंट तर येतच होते.

त्यातल्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, मी तीन वर्षं त्यांना बघत होतो. त्यांनी पर्समधून लिसिनोप्रिलची, म्हणजे बीपीच्या गोळीची, बाटली काढून माझ्या टेबलावर उपडी केली, आत दोन गोळ्या. प्रेशर 178 वर 96. मी तपासलं, पायावरची सूज बघितली, जेवणात मीठ किती ते विचारलं, सगळं केलं, आणि शेवटी त्यांना दुसऱ्या क्लिनिकचा नंबर लिहून दिला, जिथली अपॉइंटमेंट नऊ दिवसांनी होती. त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं लायसन्स गेलं का?" लायसन्स त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर फ्रेममध्ये होतं. माझ्या शिक्षणात शुक्रवार ते सोमवार काही फरक पडला नव्हता, आजींच्या आजारातही नाही. मी ओळखीच्या तीन डॉक्टरांना फोन केले, संध्याकाळी एकाने आजींना बघतो म्हटलं तेव्हा जीव भांड्यात पडला. त्या रात्रीच न्यू मेक्सिकोचा अर्ज उघडला.

माझा एकट्याचा अनुभव आहे, त्यावरून सगळं टेक्सास वाईट असं मी म्हणणार नाही. चांगले डॉक्टर, मोठी सिस्टीम, तिथे कोणी गेलं तर दुसरा उभाच असतो, असं असेल तर तुम्हाला कदाचित ही अडचण कधी येणारही नाही. हॉस्पिटलमध्ये किंवा हॉस्पिसमध्ये काम करायचं असेल तर शेड्यूल दोनचा प्रश्नही बराचसा सुटतो. पहिलं वर्ष असेल तर महिन्याला हक्काने बसून केसेस दाखवायला कोणी असणं ही मोठी गोष्ट आहे, इकडे ते माणूस तुम्हालाच शोधावं लागतं, मी अजूनही माझ्या जुन्या डॉक्टरांना फोन करतो, आता फक्त सल्ल्यासाठी. पण छोट्या क्लिनिकमध्ये तेच तेच पेशंट वर्षानुवर्षं बघायचे असतील, त्यांचं औषध तुमच्या भरवशावर चालणार असेल, तर मला वाटतं हद्द ओलांडलेली बरी, टॅक्स धरूनसुद्धा.

टेक्सासच घ्यायचं ठरलं तर पगाराच्या आधी एक विचारा: ॲग्रीमेंटमध्ये पर्यायी डॉक्टरचं नाव आहे का? कायद्यात तशी सोय आहे, पण छोट्या क्लिनिकमध्ये कोणी आठवणीने करत नाही, माझ्या ॲग्रीमेंटमध्ये ती जागा कोरी होती आणि मी न वाचता सही केली होती. नाव लिहून घ्या, त्या माणसाला स्वतः फोन करून त्याला हे माहीत आहे ना ते विचारा, मग सही करा.